श्वास रोखायचा नाही

डिचोली तालुक्याला समुद्र नाही. शेजारच्या पेडण्याला आहे. तेरेखोलच्या मुखापासून केरी, हरमल, मांद्रे, मोरजी अशी वाळूची लांब पट्टी आहे. डिचोलीच्या वाट्याला डोंगर आले, खनिज आलं, कुळागरं आली आणि मयेचं तळं आलं. इथल्या जुन्या पिढीचं पोहणं विहिरीत सुरू झालं, पाठीला सुके नारळ बांधून आणि काठावरच्या काकाच्या शिव्या खात. समुद्राशी या भागाचं नातं जुळलं ते नदीतून. सारमानसच्या धक्क्यावर भरलेल्या खनिजाच्या बार्जी मांडवीतून मुरगाव बंदराकडे निघायच्या. पावसाळ्यात आग्वादपाशी मांडवीचं मुख खवळलेलं असायचं, तेव्हा त्याच बार्जी कुंभारजुवेच्या कालव्यातून जुवारीत शिरून बंदर गाठायच्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ती कहाणी वेगळी. पण मयेच्या माणसाला भरती-ओहोटी, बंदर, बोट यांतलं काही परकं नाही. परका आहे तो समुद्राचा तळ.

तो तळ पाहायचा तर वाट पुन्हा मुरगावकडेच जाते. बंदराच्या भूशिरापासून जवळ ग्रँड आयलंड नावाचं खडकाळ, झाडीनं झाकलेलं बेट आहे. गोव्यातल्या बहुतेक स्कूबा डाइव्ह याच बेटाच्या आसऱ्याला होतात. सुझीज रेक, शेल्टर कोव्ह, बाउंटी बे, डेव्ही जोन्स लॉकर, उम्मा गुम्मा अशी तिथल्या जागांची नावं आहेत. कुणी बोटीवर बसून गमतीत ठेवावीत अशी. पाणी बहुतेक ठिकाणी २० मीटरच्या आतलं. नवशिक्याला एवढंच हवं असतं, कारण पहिल्या प्रमाणपत्राची मर्यादा १८ मीटरची आहे.

आधी एक घोटाळा निस्तरायला हवा. कळंगुट-बागाच्या वाळूत ‘स्कूबा’ दर दहा पावलांवर विकायला असतो. त्यात मिळतं ते असं: सकाळी बोट, वाटेत डॉल्फिन दिसले तर दिसले, बेटापाशी अर्ध्या तासाची तोंडओळख आणि मग १५-२० मिनिटं पाण्याखाली. त्या वेळी प्रशिक्षक पाहुण्याच्या पाठीमागे राहून सिलिंडरचा कान धरून त्याला हाकत असतो. हवा किती सोडायची, खाली किती जायचं, वर कधी यायचं, सगळं तोच ठरवतो. पाहुण्यानं फक्त श्वास घ्यायचा आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. चव घ्यायला हे ठीकच आहे. पण बसच्या खिडकीतून घाट पाहिला म्हणून गाडी चालवण्याचा परवाना कुणी देत नाही.

परवान्याचा कोर्स वेगळा. त्याचं जगभर चालणारं नाव ‘ओपन वॉटर डायव्हर’. तो देणाऱ्या संस्था अनेक आहेत. सीएमएएस ही १९५९ सालची, तिचे पहिले अध्यक्ष जाक कुस्तो. १९४३ मध्ये एमिल गान्यॉ या इंजिनिअरच्या साथीनं पाण्याखाली मागणीनुसार हवा देणारं यंत्र बनवणारे ते हेच. १९६६ मध्ये अमेरिकेत पाडी निघाली, आणि भारतातल्या डाइव्ह सेंटरांत तिचंच कार्ड जास्त दिसतं. संस्था कुठलीही असो, ढाचा साधारण सारखाच: थोडा अभ्यास, स्विमिंग पूलमधले सराव आणि शेवटी समुद्रातल्या चार डाइव्ह. दिवसाला तीनपेक्षा जास्त चालत नाहीत, म्हणजे समुद्राचे किमान दोन दिवस. पाडीत वय किमान १० वर्षं. पोहण्याची अट वाचून विहिरीत वाढलेल्या माणसाला हसू येईल: २०० मीटर पोहायचं, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगायचं.

गंमत अशी की चांगल्या पोहणाऱ्यालाच या कोर्समध्ये एक खोड नडते. लहानपणापासून त्यानं एकच केलेलं असतं. डोकं पाण्यात गेलं की श्वास रोखायचा. स्कूबाचा पहिला नियम त्याच्या नेमका उलटा आहे. श्वास कधीही रोखायचा नाही. पुढच्या चार डाइव्हमध्ये जे काही शिकायचं असतं, त्याचा बराच भाग हा एक नियम अंगात मुरवण्यात जातो.

कारण साधं आहे, पण नीट समजून घ्यावं असं. समुद्रात दर १० मीटरला एक वातावरणाएवढा दाब वाढतो. १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. तोंडात धरायचा रेग्युलेटर त्या-त्या खोलीच्या दाबानं हवा देतो, म्हणून छाती भरते. आता १० मीटरवर छातीभर हवा घेतली, श्वास रोखला आणि घाबरून वर निघालं, तर पृष्ठभागापर्यंत ती हवा दुप्पट जागा मागते. फुफ्फुसांत तेवढी जागा नसते. इजा व्हायला १० मीटर लागतातच असंही नाही, शेवटचे दीड मीटर पुरतात. म्हणूनच पूलच्या कमी खोल टोकालासुद्धा प्रशिक्षक या नियमावरून खेकसतात.

मग गोव्याच्या खडपांवर बुडी मारून शिनाण्या काढणारे लोक श्वास रोखूनच उतरतात, त्यांना काही होत नाही, ते कसं? त्यांनी हवा वर, उघड्यावर घेतलेली असते. खाली जाताना ती आकसते, वर येताना पुन्हा पहिल्याएवढीच होते. सिलिंडरवाल्यानं हवा खाली घेतलेली असते. सगळा फरक तेवढाच.

सिलिंडरचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. मराठी बातम्यांत डायव्हरच्या पाठीवर हमखास ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ बांधलेला असतो. पाठीवर असते ती साधी हवा, आपण रोज घेतो तीच. गाळलेली, कोरडी केलेली आणि २०० बारपर्यंत दाबून भरलेली. शुद्ध ऑक्सिजन सुमारे ६ मीटरच्या खाली विषारी ठरतो. तो घेऊन नवशिक्या १८ मीटरवर गेला तर त्याला झटके येऊ शकतात. उपसंपादकांनी कृपया नोंद घ्यावी.

पूलमध्ये सगळी कसरत एकदा होऊन गेलेली असते. मग समुद्रात नवीन ते काय?

पहिली नवीन गोष्ट बोट. शिकाऊ लोकांना भीती वाटते ती पाण्याखालच्या अंधाराची, आणि बहुतेकांची फजिती होते ती पाण्याच्या वर. मालीम जेटी किंवा कोको बीचवरून निघालेली बोट मांडवीच्या मुखाबाहेर पडली की लाट आडवी येते. बेटापाशी नांगर टाकल्यावर ती जागेवर डुलू लागते आणि डिझेलचा वास नाकात बसतो. त्यात डोकं खाली घालून बीसीडीचे, म्हणजे हवा भरायच्या जाकिटाचे, पट्टे आवळायचे. सकाळी पोटात काय गेलंय यावर त्या तासाचं भवितव्य ठरतं. गोव्याचा भाजीपाव आणि वर तेलकट मिरची हा नाश्ता इथे वैरी ठरतो; पेज आणि लोणच्याची फोड बरी. आदल्या रात्रीची बीअर त्याहून वाईट, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की डाइव्हनंतरच्या त्रासाचा धोका वाढतो. गोव्यात हे सांगणं अवघड आहे, पण सांगावं लागतं. उलटी झालीच तर बोटीच्या कडेवरून, वाऱ्याच्या दिशेनं. लाजायचं कारण नाही. पाण्यात उतरल्यावर मळमळ बहुतेक वेळा कमीच होते.

दुसरी नवीन गोष्ट शिसं, म्हणजे कमरेला बांधायचं वजन. गोड्या पाण्यापेक्षा समुद्राचं पाणी अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं. शाळेत आर्किमिडीज घोकलेला असतो, पण तो कमरेला जाणवतो तो इथे. माणूस आणि सामान मिळून ९० किलो धरलं तर पूलमध्ये बरोबर बसलेल्या वजनात समुद्रात सव्वादोन किलोंची भर घालावी लागते. ती घातली नाही तर शिकाऊ डायव्हर बुचासारखा वर तरंगत राहतो, पाय झाडतो, दमतो, आणि आपल्याला हे जमणार नाही असं ठरवून टाकतो. म्हणून पहिल्या डाइव्हआधी वजन तपासून घेतात: बीसीडी रिकामं करायचं, साधा श्वास घेऊन स्थिर राहायचं, पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे, श्वास सोडला की हळूच बुडलं पाहिजे.

उडी बहुतेक छोट्या बोटींवरून पाठमोरी असते. कडेवर बसायचं, एका हातानं मास्क आणि रेग्युलेटर चेहऱ्यावर दाबून धरायचा, हनुवटी छातीशी घ्यायची आणि मागे कलंडायचं. क्षणभर आकाश, मग पांढरे बुडबुडे, मग उजेड कुठल्या बाजूला आहे ते कळेनासं होतं. बीसीडीत हवा असल्यानं माणूस आपोआप वर येतो. वर आल्यावर बोटीकडे खूण करायची ती डोक्यावर मूठ टेकवून किंवा हातांनी गोल करून. अंगठा वर करायचा नाही. डायव्हरांच्या भाषेत वर केलेल्या अंगठ्याचा अर्थ ‘मस्त’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘वर चला’. पाण्याखाली सुंदर मासा दिसला म्हणून उत्साहानं अंगठा दाखवणारे आणि मग प्रशिक्षक आपल्याला वर का नेतोय म्हणून चक्रावणारे शिकाऊ प्रत्येक तुकडीत निघतात.

पहिल्या दोन डाइव्ह १२ मीटरच्या आत असतात. उतरताना कान दुखतात, आणि ते सर्वांत आधी, अगदी पहिल्या तीन-चार मीटरांत, कारण तिथेच दाब प्रमाणात सगळ्यात झपाट्यानं बदलतो. नाक चिमटीत धरून हलका जोर द्यायचा. दुखायच्या आधीच, दर मीटरला. दुखू लागल्यावर जोर लावणारा कानाचा पडदा फाडून घेतो. नाही जमलं तर मीटरभर वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरायचंच नाही. पुण्या-मुंबईहून रजा काढून आलेल्या माणसाला हे पटवणं म्हणजे प्रशिक्षकाची खरी कसोटी.

मग वाळूवर गुडघे टेकून किंवा जरासं तरंगत ‘स्किल्स’ सुरू होतात. यातली सगळ्यात साधी दिसणारी गोष्ट सगळ्यात जास्त जणांना छळते: मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढणं. मास्कची वरची कड बोटानं किंचित उचलायची. पाणी आत शिरतं, आधी नाकाशी, मग पापण्यांशी, मग डोळ्यांवरून वर चढतं. पूलच्या पाण्यानं डोळे फक्त चुरचुरतात. मिठाचं पाणी झोंबतं. दिसायचं बंद होतं. नाक पाण्यात आहे, तोंडात रेग्युलेटर आहे, म्हणजे हवा आहे, हे बुद्धीला माहीत असतं. नाकाला माहीत नसतं. नाक आपल्या जन्माच्या सवयीनं श्वास ओढायला बघतं. इथेच काही जण उसळी मारून वर पळू पाहतात आणि इथेच प्रशिक्षकाचा हात त्यांच्या बीसीडीच्या पट्ट्यावर तयार असतो. करायचं इतकंच: तोंडानं सावकाश श्वास घ्यायचा, मास्कची वरची कड कपाळाशी दाबायची, मान जराशी वर करायची आणि नाकातून हवा सोडायची. शिंकरल्यासारखी नाही, चष्म्याच्या काचेवर पुसण्याआधी वाफ सोडतात तशी, लांब. पाणी खालच्या कडेनं निघून जातं. समोर पुन्हा प्रशिक्षकाचे डोळे दिसतात, आणि ते बहुधा हसत असतात. पुढच्या एखाद्या डाइव्हमध्ये आख्खा मास्क काढून पुन्हा घालायचा असतो.

बाकीच्या कसरती या मानानं सुसह्य. तोंडातला रेग्युलेटर काढून सोडून द्यायचा आणि हात मागून फिरवून परत पकडायचा. मधल्या काळात तोंडातून बारीक बुडबुडे सोडत राहायचे, कारण श्वास रोखायचा नाही. हवा संपल्याची खूण करायची, जोडीदाराचा जादाचा रेग्युलेटर तोंडात घ्यायचा, एकमेकांचे हात धरून दोघांनी मिळून वर यायचं. पायात गोळा आला तर तो सोडवायचा. दमलेल्या जोडीदाराला ओढून न्यायचं. होकायंत्र धरून सरळ जायचं आणि त्याच रेषेत परत यायचं. हे शेवटचं काम पूलमध्ये पोरखेळ वाटतं. ग्रँड आयलंडपाशी चार मीटरच्या पलीकडचं दिसत नसतं आणि लाट बाजूनं ढकलत असते, तेव्हा कळतं की माणसाला आपण सरळ जातो असं वाटणं आणि सरळ जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एका कसरतीची मात्र आठवण राहते. ६ ते ९ मीटरवरून, एकाच श्वासावर, ‘आ’ असा आवाज काढत सावकाश वर पोहत यायचं. हवा अचानक संपली आणि जोडीदार दूर असला तर काय, याची ही रंगीत तालीम. डॉक्टरनं घसा बघायला सांगितल्यावर काढतात तसा ‘आ’. आपल्याला वाटतं की एवढी हवा पुरणार नाही. पुरते, उरते. वर येताना छातीतली हवा फुगत असते, त्यामुळे ‘आ’ संपतच नाही. बॉइलनं १६६२ मध्ये मांडलेला नियम स्वतःच्या घशातून ऐकू येतो.

आता गोव्याच्या पाण्याबद्दल खरं ते सांगायला हवं, कारण जाहिरातीत ते निळंशार असतं. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्या याच भागात समुद्राला मिळतात आणि गाळ घेऊन येतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डाइव्हिंग बंदच असतं. ऑक्टोबरात हंगाम उघडतो. या दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर खालचं गार आणि प्राणवायू कमी असलेलं पाणी वर सरकलेलं असतं. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. शिकाऊ डायव्हरला त्याचा अनुभव येतो तो असा, की वरचं पाणी कोमट आणि हिरवट, आणि खाली उतरताना अचानक फ्रिजचं दार उघडल्यासारखा थर लागतो. पुढे पाणी निवळत जातं, पण चांगल्या दिवशीही ८-१० मीटर दिसलं तर लोक खूश असतात. दोन-तीन मीटरचे दिवसही येतात. अंदमानच्या स्वराज द्वीपाची, पूर्वीच्या हॅवलॉकची, छायाचित्रं पाहून आलेला माणूस इथे हिरमुसतो.

गढूळ पाण्यात शिकलेला कुठेही डाइव्ह करू शकतो, असं गोव्यातले प्रशिक्षक पाहुण्याची समजूत घालताना सांगतात. ते अर्धं खरं आहे. जोडीदाराला नजरेआड होऊ न देणं, गेजवर सतत लक्ष ठेवणं, हात लांब करून दिशा सांभाळणं या सवयी इथे सक्तीनं लागतात, आणि निवळ पाण्यात शिकलेल्यांत त्या कच्च्या राहतात. पण गढूळ पाण्यात घाबरलेला माणूस काहीच शिकत नाही, हेही तितकंच खरं. दिसणं फारच कमी असेल तर चांगला प्रशिक्षक तुकडी लहान करतो किंवा डाइव्ह पुढे ढकलतो. पैसे भरलेत म्हणून आजच उतरवा, असा आग्रह विद्यार्थ्यानं धरू नये. धरणारे असतात.

आणि दिसतं ते कमी नसतं. मासळी बाजारात मेलेल्या डोळ्यांनी भेटणारी मंडळी इथे घरच्या कपड्यांत भेटतात. गोबरा खडकाच्या भेगेतून रोखून बघतो, केंड मासा गोंधळलेल्या कारकुनासारखा फिरतो, लायनफिश आपले विषारी काटे पसरून पंख्यासारखा स्थिर असतो, मोरे ईल तोंडाची उघडझाप करत असते. ती धमकी नसते, तो तिचा श्वास असतो. तांबोशी मात्र ओळखू येत नाही. पाणी सर्वांत आधी तांबडा रंग गिळतं, त्यामुळे १० मीटरच्या आसपास ती राखाडी दिसते, आणि बोटावरच्या कापल्या जखमेतून हिरवट-काळं काहीतरी निघतं. मास्कच्या सपाट काचेमुळे वस्तू तिसऱ्या हिश्श्यानं मोठ्या दिसतात. बोटीवर परतल्यावर हातवारे करून सांगितलेल्या माशांच्या लांब्या त्या हिशेबानं ऐकाव्यात.

खडकाला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगतात. प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तुकडा उचलणं हा गुन्हा आहे. सहलीच्या बोटींवरून माशांना पाव टाकतात, त्याला काय म्हणावं? फोटो छान येतो. मासे पावावर जगत नाहीत.

गोव्याच्या तळावर पर्यटनाच्या आधीपासून उतरणारे लोक वेगळ्याच कामासाठी उतरत. लोथलचं उत्खनन करणारे एस. आर. राव यांच्या पुढाकारानं १९८१ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचं काम सुरू झालं. द्वारकेचं काम सर्वांना माहीत आहे. घराजवळचं काम कमी लोकांना ठाऊक आहे. ए. एस. गौर, सिला त्रिपाठी, सुंदरेश हे पुरातत्त्वज्ञ स्वतः डायव्हर. त्यांच्या चमूनं १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुंची रीफवर सतराव्या शतकातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष धुंडाळले. त्यात हस्तिदंत निघाले, पाणघोड्याचे दात निघाले, चिनी मातीची निळी-पांढरी भांडी आणि हातबंदुकीची पितळी नळी निघाली. सेंट जॉर्ज रीफवर बासेल मिशनच्या कारखान्याचा ठसा असलेली कौलं आणि खांबांचे नक्षीदार माथे सापडले, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला बांधकामाचा माल. गोव्यातल्या कितीतरी घरांवर आजही तशीच कौलं आहेत. ओपन वॉटरचं कार्ड घेऊन कुणी पुरातत्त्वज्ञ होत नाही, पण या मंडळींची सुरुवातही मास्कमधलं पाणी काढण्यापासूनच झालेली असते.

पेडण्याच्या उत्तरेला, तेरेखोलच्या पलीकडे, स्कूबा शिकायचं आणखी एक ठिकाण आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथे प्रशिक्षणासाठी खोल तलाव आहे, आणि तिच्या उभारणीत सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांचा मोठा वाटा आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर मालवणची कितीतरी तरुण मुलं आज डाइव्ह गाइड म्हणून काम करतात. त्यांच्या आधीची पिढी त्याच पाण्यात जाळी टाकायची. डिचोली-पेडण्याच्या मुलांनाही तिथे जाता येतं. दोन्हीकडची सोय जोडूनही घेता येते: अभ्यास आणि पूल एका गावी, समुद्रातल्या चार डाइव्ह दुसऱ्या गावी. पाडीच्या पद्धतीत अशा रेफरलला १२ महिन्यांची मुदत असते. पुण्या-नागपुरातले अनेक जण हाच मार्ग धरतात.

तारकर्लीनंच एक कडवट गोष्टही शिकवली. २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन जणांचा जीव गेला. अपघात पाण्याखाली झाला नव्हता. म्हणून डाइव्ह सेंटर निवडताना प्रशिक्षकाचं कार्ड बघावं तशी बोटही बघावी: माणसं मोजून घेतात का, लाइफ जॅकेट सगळ्यांना पुरतात आणि अंगावर असतात का, ऑक्सिजनची प्रथमोपचार पेटी बोटीवर आहे का (इथे मात्र ऑक्सिजनच हवा), डाइव्ह चालू असताना वर कोण थांबतं. आरोग्याचा फॉर्म खरा भरावा. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार यांपैकी काही असेल तर डॉक्टरची सही लागते, आणि ती टाळण्यासाठी सगळीकडे ‘नाही’ लिहिणारा स्वतःलाच फसवतो. हा फॉर्म न देता कोर्स सुरू करणारं सेंटर असेल तर तिथून उठून यावं.

तिसऱ्या आणि चौथ्या डाइव्हला १८ मीटरपर्यंत जाता येतं, आणि काहीतरी बदललेलं असतं. हात वल्ह्यासारखे चालायचे थांबतात. सिलिंडर, जो पहिल्या दिवशी २५ मिनिटांत अर्ध्याखाली आला होता, तो जास्त टिकू लागतो, कारण श्वास लांब झालेला असतो. तळापासून हातभर वर, न बुडता न तरंगता, अधांतरी राहता येतं. श्वास घेतला की वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. चौथी डाइव्ह विद्यार्थ्यांनी स्वतः आखायची असते: कुठून उतरायचं, किती खोल, किती वेळ, किती बारला परत फिरायचं. प्रशिक्षक मागून येतो. वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं, नारिंगी फुगा वर सोडायचा आणि कान देऊन ऐकायचं. पाण्यात आवाज हवेच्या चौपट वेगानं धावतो, त्यामुळे मासेमारीच्या होडीचं इंजिन एकाच वेळी सगळ्या बाजूंनी ऐकू येतं. जेटस्कीच्या राज्यात हात डोक्यावर धरून, गोल फिरत, वर बघतच पृष्ठभाग गाठायचा.

कार्डाला मुदत नसते, पण वर्षभर पाण्यात न गेलेल्यानं पुन्हा एकदा उजळणी करून घ्यावी हे बरं.

आणि बेळगावच्या वाटेवरच्या चोर्ला घाटाचं विसरू नये. अनेक डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमान टाळा, हे सगळेच सांगतात, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपानं बाहेर येतो. घाटाचं कुणी फारसं सांगत नाही. चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, बेळगाव साडेसातशेच्या आसपास. शरीराला विमान आणि घाट यांतला फरक कळत नाही. दुपारी ग्रँड आयलंडला शेवटची डाइव्ह केलेला मयेचा विद्यार्थी संध्याकाळी खुशाल घरी जेवायला जाऊ शकतो, मये सखल आहे. त्याच्याबरोबर बेळगावचा जोडीदार असेल, तर त्यालाही त्या रात्री मयेतच ठेवून घ्यावं.